सरकारमान्य भांग, न मोजलेली नशा

काशीत गोदौलिया चौकातून दशाश्वमेध घाटाकडे निघालं की ठंडाईची दुकानं लागतात. बदाम, बडीशेप, मिरी, केशर घातलेलं गार दूध मिळतं, आणि गिऱ्हाईकानं खूण केली तर त्यात एक हिरवी गोळी कालवली जाते. ती गोळी जिथून येते ते दुकान बहुधा गल्लीत असतं. एक फळी, एक तराजू, वाटलेल्या हिरव्या लगद्यावर ओलं फडकं, आणि वर पाटी: भांग की सरकारी दुकान. ‘सरकारी’चा अर्थ एवढाच की उत्तर प्रदेशच्या आबकारी खात्यानं ठेका दिलेला आहे. रिक्षावाला येतो, साडीचा दलाल येतो, निवृत्त मास्तर येतो. कुणी मान खाली घालून येत नाही. अस्सीवर किंवा गंगेपलीकडच्या वाळवंटात कुणालाही विचारा, ‘ई नसा ना हौ, बूटी हौ’ हेच ऐकायला मिळेल. महाशिवरात्रीला आणि रंगभरी एकादशीला तर हा विश्वनाथाचा प्रसाद. जुन्या बनारसमध्ये संध्याकाळी नावेनं पलीकडे जायचं, भांग वाटायची, छानायची, अंघोळ करायची आणि अंधार पडता परत यायचं, याला ‘बहरी अलंग’ म्हणत. नीता कुमार यांनी बनारसच्या कारागिरांवरच्या त्यांच्या पुस्तकात या करमणुकीचं सविस्तर वर्णन केलं आहे.

आता याच दुकानातली गोळी खिशात टाकून महानगरी एक्सप्रेसमध्ये बसा. रावेर-भुसावळ आलं की तुम्ही गुन्हेगार. मुंबई दारूबंदी कायदा, १९४९ अन्वये महाराष्ट्रात परवान्याशिवाय भांग बनवणं, बाळगणं, खाणं हा गुन्हा आहे. झाड तेच, पान तेच, माणूसही तोच. बदललं ते फक्त राज्य. या विसंगतीवर हसून पुढं जाता येतं, आणि बहुतेक लेख तेवढंच करतात. मला मात्र काशीतलं ते कळकट दुकान वेगळ्या कारणासाठी महत्त्वाचं वाटतं. नशेच्या पदार्थांविषयी आधी पुरावा गोळा करावा आणि मग धोरण ठरवावं, असं या देशात एकदा खरोखर घडलं होतं, आणि हे दुकान त्याचा उरलेला अवशेष आहे.

ती गोष्ट १८९३ची. विल्यम केन नावाचे दारूबंदीवाले खासदार होते. त्यांनी २ मार्च १८९३ला ब्रिटिश संसदेत प्रश्न विचारला: बंगालमध्ये सरकार गांज्यावर कर घेतं, त्या गांज्यानं लोक वेडे होतात म्हणे, त्याचं काय? प्रश्न बंगालपुरता होता. सरकारनं आयोग नेमून चौकशी साऱ्या हिंदुस्थानची लावली. मॅकवर्थ यंग अध्यक्ष, सोबत इंग्रज अधिकारी आणि तीन हिंदी सदस्य. या आयोगानं देशभर हिंडून १,१९३ साक्षी नोंदवल्या. जिल्हाधिकारी, डॉक्टर, वैद्य, जमीनदार, मिशनरी, गांजाचे ठेकेदार, कुणाला सोडलं नाही. १८९४चा अहवाल सात खंडांचा, तीन हजारांहून जास्त पानांचा.

त्यात मराठी मुलुखाचा वाटा लहान नव्हता. मुंबई इलाख्याचा गांजा मुख्यतः नगर जिल्ह्यात पिके. आणि हिंदूंच्या धर्मजीवनात भांगेचं स्थान काय, यावरचं अहवालातलं प्रसिद्ध टिपण लिहिलं ते जेम्स कॅम्बेल यांनी. हेच कॅम्बेल आपल्या मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरचे संपादक. तेव्हा ते मुंबईला जमीन महसूल, जकात आणि अफूचे कलेक्टर होते. जकात वसूल करणाऱ्या माणसानं भांगेच्या देवत्वावर इतक्या आस्थेनं लिहावं, ही त्या काळच्या नोकरशाहीची एक गंमतच. बैरागी-गोसाव्यांना हे पान किती पवित्र आहे आणि ते हिरावून घेतलं तर किती असंतोष होईल, हे त्यांनी सरकारला बजावलं. संस्कृत आणि हिंदी साहित्यातले भांगेचे उल्लेख जॉर्ज ग्रियर्सन यांनी जमवून दिले.

पण अहवालाचा कणा आहे तो वेड्यांच्या इस्पितळांचा तपास. ‘गांजानं वेड लागतं’ या समजुतीला तोवर आधार होता तो इस्पितळांच्या आकडेवारीचा. दरवर्षीच्या तक्त्यात ‘वेडाचं कारण’ असा एक रकाना असे, आणि त्यात गांजा, भांग, चरस यांची गर्दी असे. आयोगानं विचारलं, हा रकाना भरतो कोण? उत्तर मिळालं: पोलीस. रस्त्यावर भटकणारा, असंबद्ध बोलणारा माणूस पकडला जायचा. नातेवाईक सापडायचे नाहीत. कारण तर लिहायलाच हवं. मग हवालदारानं लिहायचं ‘गांजा’, मॅजिस्ट्रेटनं ते पुढं पाठवायचं, आणि इस्पितळाच्या गोऱ्या डॉक्टरनं तेच रजिस्टरात उतरवायचं. वर्षाअखेरीस त्याचा तक्ता व्हायचा आणि तक्त्याचं शास्त्र.

आयोगानं १८९२ सालचे गांजा-भांगेच्या नावावर नोंदलेले २२२ रुग्ण घेतले आणि प्रत्येकाचा माग काढला. गावी माणसं पाठवली, घरच्यांना विचारलं, आधी झटके येत होते का, घराण्यात वेड होतं का, गांजा खरंच ओढत होता का. शेवटी त्यातल्या ९८ जणांच्याच आजाराचा संबंध या पदार्थांशी जोडता आला, आणि त्यातही काहींना इतर कारणं होतीच. कलकत्त्यात डॉ. कनिंगहॅम यांनी माकडांना कित्येक महिने गांज्याचा धूर देऊन मेंदूत काही बिघाड होतो का, हेही पाहिलं. त्या माकडांनी हिंदुस्थानच्या महसूल धोरणाला हातभार लावला, हे बिचाऱ्यांना कधी कळलं नसेल.

निष्कर्ष सरळ होता. बेताच्या सेवनानं बहुतेकांचं काही बिघडत नाही, अतिरेकानं बिघडतं, अतिरेकी थोडे असतात. सरसकट बंदी घातली तर लोक याहून वाईट पदार्थांकडे वळतील. म्हणून ठेके द्या, दुकानं मोजकी ठेवा, कर वाढवा, घरात किती बाळगावं याला मर्यादा घाला. काशीच्या गल्लीतलं ते दुकान याच शिफारशींच्या वंशातलं. आयोग निव्वळ ज्ञानासाठी हिंडत नव्हता, सरकारला महसूल हवा होता, हे उघड आहे. पण महसुलाच्या लोभापायी का होईना, कुणीतरी रकाना भरणाऱ्याला जाऊन विचारलं. पुढं तसं कुणी विचारल्याचं फारसं आढळत नाही.

पुढच्या शतकात निर्णय व्हायला लागले ते न्यूयॉर्क, जिनिव्हा आणि व्हिएन्नात. १९६१चा संयुक्त राष्ट्रांचा अमली पदार्थ करार झाला. गांजा त्यात हेरॉइनच्या पंक्तीला बसला. भारतासारख्या देशांनी धरून ठेवलं म्हणून व्याख्येत एक फट राहिली: फुलोऱ्याचे शेंडे सोबत नसतील तर पानं आणि बिया ‘कॅनाबिस’मध्ये मोडणार नाहीत. बाकी पारंपरिक वापर बंद करायला पंचवीस वर्षांची मुदत मिळाली. ती संपत आली तेव्हा, १९८५ साली, आपण अमली पदार्थांविषयीचा एनडीपीएस कायदा केला. ऑगस्टमध्ये विधेयक संसदेत आलं, फारशा चर्चेविना मंजूर झालं, १४ नोव्हेंबरपासून लागू झालं. त्यासाठी कुठला आयोग नेमला गेला नाही. करारातली फट मात्र जशीच्या तशी कायद्यात उतरली. चरस गुन्हा, गांजा म्हणजे फुलोरा गुन्हा, पान राज्यांवर सोडलेलं. उत्तर प्रदेशानं ते विकायचं ठरवलं, महाराष्ट्राच्या कायद्यात त्याला आधीपासूनच मनाई होती.

कायदा वनस्पतीचा भाग पाहतो. शरीराला कळतो तो फक्त रेणू. टीएचसी हा नशा आणणारा घटक फुलोऱ्यात जास्त, पानात कमी, पण असतो दोन्हीकडे. सगळं वाटून गोळा केल्यावर शेंडा किती आणि पान किती हे कोण सांगणार? अशा वादातून खटले उभे राहतात. २०२२ साली कर्नाटक उच्च न्यायालयानं एका प्रकरणात जामीन देताना नोंदवलं की भांग एनडीपीएसच्या कक्षेत येत नाही; ती फुलोऱ्यापासून बनवली होती असं दाखवणारा कागद सरकारपक्षाकडे नव्हता.

फटीच्या अलीकडे असलात तर ठेका, पलीकडे असलात तर तुरुंग. आणि पलीकडे कोण सापडतं, ते मुंबईत दिसतं. विधी सेंटर फॉर लीगल पॉलिसी या संस्थेनं २०१७ आणि २०१८ मधले मुंबईच्या दंडाधिकारी न्यायालयांतले एनडीपीएसचे दहा हजारांहून जास्त खटले तपासले. जवळजवळ सगळे स्वतःपुरत्या सेवनाचे, आणि ८७ टक्के गांजा-चरसाचे. आरोपी बहुतेक रोजंदारीवरचे, झोपडपट्टीत किंवा रस्त्यावर राहणारे. त्यांनी गुन्हा कबूल केला, दंड भरला आणि ते निघून गेले. वकील लावून महिनोन्‌महिने खेटे घालण्यापेक्षा हे स्वस्त पडतं. व्यसनी माणसानं स्वतःहून उपचार मागितले तर खटल्यातून सूट देणारं ६४-अ कलम याच कायद्यात आहे, पण दिवसभराच्या मजुरीला मुकून कोर्टाच्या बाकावर बसलेल्याला ते कोण सांगणार? धनदांडग्यांच्या मुलांच्या अटकेवर आपल्या वृत्तवाहिन्या महिनाभर जागल्या. या दहा हजारांच्या वाट्याला पट्टीवरची एक ओळही आली नाही.

देशाचं एकूण चित्र एम्सच्या राष्ट्रीय पाहणीत आहे. ती २०१९ मध्ये प्रसिद्ध झाली. वर्षभरात गांजावर्गातलं काहीतरी घेतलेले लोक सुमारे ३.१ कोटी, त्यात भांगवाले २.२ कोटी, गांजा-चरसवाले १.३ कोटी, काही जण दोन्हीकडे. दारू पिणारे १६ कोटी. भांग घेणारे जास्त असूनही व्यसनाच्या जाळ्यात अडकण्याचं प्रमाण गांजा-चरसवाल्यांत अधिक आढळलं. सव्वाशे वर्षांपूर्वीच्या आयोगाला याचं आश्चर्य वाटलं नसतं.

एवढ्यावरून ‘बूटीनं काही होत नाही’ असा निष्कर्ष काढणाऱ्या काशीकराशी माझं जमत नाही. ओढलेला गांजा काही मिनिटांत चढतो. खाल्लेली भांग यकृतातून जाते, तिथं टीएचसीचं आणखी जोरकस रूप तयार होतं, आणि परिणाम दिसायला तास-दोन तास लागतात. नवखा माणूस तासाभरानं म्हणतो, ‘काहीच नाही झालं’, आणि दुसरी गोळी खातो. मग दोन्ही एकदम चढतात. घशाला कोरड, छातीत धडधड, आपण मरतोय अशी खात्री. होळीला आपल्याकडेही हे प्रत्येक कुटुंबात एखाद्या मामाच्या बाबतीत घडलेलं असतं आणि पुढं वर्षानुवर्षं विनोद म्हणून सांगितलं जातं. हृदयविकार असलेल्या माणसाला किंवा परत जाताना गाडी चालवणाऱ्याला त्यात विनोद काही नाही. रोज घेणाऱ्यांचा प्रश्न आणखी वेगळा. २०१९ साली ‘लॅन्सेट सायकायट्री’त युरोप आणि ब्राझीलमधला मोठा अभ्यास आला. त्यात रोज तीव्र गांजा घेणाऱ्यांमध्ये मनोविकृतीची शक्यता कधीच न घेणाऱ्यांच्या जवळपास पाचपट निघाली. तो तीव्र गांजा म्हणजे आजच्या परदेशी लागवडीचा, आयोगाच्या काळी नसलेला. म्हणजे १८९४चा निष्कर्ष आजच्या मालाला जसाच्या तसा लावता येत नाही. आणि काशीच्या गोळीत टीएचसी किती, हे गोळीवर लिहिलेलं नसतं. आज एक, उद्या दुसरी, परवा वाटणारा बदलला की तिसरीच मात्रा.

औषधाच्या बाजूनंही हेच दुखणं. याच झाडाचं आधुनिक वैद्यकातलं पदार्पण झालं ते भारतात. कलकत्ता मेडिकल कॉलेजातले विल्यम ओशॉनेसी यांनी १८३९ साली गांज्यावरचा निबंध वाचला. आधी प्राण्यांवर, मग रुग्णांवर प्रयोग: संधिवात, धनुर्वात, पटकी, आणि चाळीस दिवसांच्या एका बाळाचे आकडीचे झटके. बाळाचे झटके थांबले, असं त्यांनी नोंदवलं. एका बाळावरून काही सिद्ध होत नाही. पण त्या धाग्याचं दुसरं टोक यायला पावणेदोनशे वर्षं लागली. २०१७ मध्ये ड्रॅव्हे सिंड्रोम या दुर्धर अपस्माराच्या १२० मुला-तरुणांवर कॅनाबिडिऑलची चाचणी झाली. हा गांज्यातला नशा न आणणारा घटक. औषध घेतलेल्या गटात महिन्याचे झटके १२.४ वरून ५.९ वर आले; नुसतं चवीचं द्रव घेतलेल्यांत १४.९ वरून १४.१, म्हणजे जवळपास तेवढेच. जून २०१८ मध्ये अमेरिकेनं ते औषध मान्य केलं. ओशॉनेसींनी प्रयोग केले त्या देशात झाड रानोमाळ होतं, बाळं होती, डॉक्टर होते. राहिली ती चाचणी.

आपल्याकडे आयुर्वेदाचा रस्ता खुला आहे आणि तो अतिशय सोपा आहे. भांगेला ग्रंथांत विजया म्हणतात. जातीफलादि चूर्णात ती असते, शार्ङ्गधरानं तिचा गुण नोंदवला आहे. औषध नियमांच्या ‘ई-१’ परिशिष्टात ती विषारी द्रव्यांच्या यादीत आहे, म्हणजे वैद्याच्या देखरेखीखाली द्यायची. पान एनडीपीएसबाहेर असल्यानं आयुष परवान्यावर विजयेची तेलं आणि गोळ्या निघाल्या, मुंबईतल्या कंपन्याही त्यात आहेत. मुंबईत पेल्यातलं पान गुन्हा आणि बाटलीतलं पान चिठ्ठीवरचं औषध, असं झालं आहे. आता मेख अशी: मान्य ग्रंथातल्या पाठाप्रमाणे बनवलेल्या औषधाला परवाना मिळण्यासाठी रुग्णांवरची नवी चाचणी लागत नाही. पाठ हाच पुरावा. झोप लागत नाही, सांधे दुखतात, कर्करोगाच्या वेदना आहेत, प्रत्येकाला ही बाटली देता येते आणि कुणालाच ठाऊक नसतं की एरंडेलाहून ती किती बरी. मला आयुर्वेदाचा द्वेष नाही. काशी हिंदू विश्वविद्यालयात एकाच संस्थेच्या छत्राखाली आयुर्वेदाची विद्याशाखा आहे आणि आधुनिक वैद्यकाचीही; फर्लांगभरावर सरकारी परवान्याची भांग आहे. याहून सोयीची प्रयोगशाळा जगात कुणी मागून घेतली तरी मिळायची नाही.

आणि नशेचं औषध करणं आपल्या सरकारला येत नाही असंही नाही. वाराणसीहून गंगेच्या काठानं पूर्वेला गेलं की गाझीपूर. तिथं १८२०पासून सरकारी अफूचा कारखाना आहे. कधीकाळी चीनला नशा पुरवणारा हा कारखाना आज अफूतून मॉर्फिन, कोडीन काढतो. भिंतीआडचं सांडपाणी पिऊन तिथली माकडं सुस्तावतात, ही गोष्ट गाझीपूरचा माणूस तुम्हाला पहिल्या पाच मिनिटांत सांगतो. (या विषयात माकडं वारंवार येतात, त्याला माझा इलाज नाही.) दुसऱ्या बाजूला वाराणसीत मुंबईच्या टाटा मेमोरियलची दोन कर्करोग रुग्णालयं आहेत: लहरताऱ्याचं होमी भाभा आणि विद्यापीठाच्या आवारातलं, फेब्रुवारी २०१९ मध्ये उघडलेलं महामना मालवीय केंद्र. पूर्वांचल आणि बिहारमधून माणसं इथं येतात, पुष्कळशी आजार हाताबाहेर गेल्यावर. त्यांच्या वेदनेवर मॉर्फिनइतकं स्वस्त आणि भरवशाचं औषध दुसरं नाही, आणि ते ज्या अफूतून निघतं ती अफू शेजारच्या जिल्ह्यात.

या दोहोंमध्ये १९८५चा कायदा उभा राहिला. मॉर्फिन ठेवायला रुग्णालयाला वेगवेगळ्या खात्यांचे चार-पाच परवाने लागत, एकाची मुदत संपेपर्यंत दुसरा येत नसे, हिशेबात चूक झाली तर डॉक्टर थेट गुन्हेगार. इस्पितळांनी मॉर्फिन ठेवणंच सोडलं. कायद्याआधी देशाचा वैद्यकीय वापर काही शे किलोंचा होता. १९९७ मध्ये तो जेमतेम १८ किलोंवर आला. औषधाचे कारखाने जगाला अफूजन्य माल विकत होते आणि इथला रुग्ण विव्हळत होता. केरळमधून सुरू झालेल्या वेदनाशमन चळवळीनं वर्षानुवर्षं हेच आकडे मांडले, तेव्हा २०१४ मध्ये दुरुस्ती झाली: ‘अत्यावश्यक अमली औषधं’ असा वर्ग आला, देशभर एकच नियम, एकच परवाना. गांजाच्या बाबतीत कुठला पक्ष घ्यायचा याविषयी वाद होऊ शकतो. पण पुरावा न बघता केलेल्या कायद्याची किंमत कशी मोजली जाते, याचं याहून स्पष्ट उदाहरण मला माहीत नाही.

सायकेडेलिक, म्हणजे एलएसडीसारख्या भास घडवणाऱ्या द्रव्यांबद्दलही थोडक्यात. काशीचा त्यांच्याशी संबंध लोक ओढूनताणून जोडतात. अमेरिकन कवी ॲलन गिन्सबर्ग १९६२-६३ मध्ये दशाश्वमेधजवळ राहिला, मणिकर्णिकेवर साधूंच्या चिलमीत सामील झाला हे खरं. १९६६ साली ‘अटलांटिक’मध्ये त्यानं गांजाबंदीविरुद्ध लिहिलं, तेव्हा दाखला दिला तो याच १८९३-९४च्या आयोगाचा. पण चिलीम म्हणजे एलएसडी नव्हे. सायलोसायबिन या अळंबीतल्या द्रव्यावर हल्ली खऱ्या चाचण्या होत आहेत. २०२२ मधल्या मोठ्या चाचणीत इतर औषधांना दाद न देणाऱ्या नैराश्याचे २३३ रुग्ण होते. पूर्ण मात्रा घेतलेल्यांपैकी ३७ टक्क्यांना तीन आठवड्यांनी लक्षणीय आराम पडला, नाममात्र मात्रेच्या गटात १८ टक्क्यांना. बारा आठवड्यांपर्यंत तो टिकला २० टक्क्यांत. आशा आहे, चमत्कार नाही. ऑस्ट्रेलियानं जुलै २०२३पासून मनोविकारतज्ज्ञांना ते देण्याची मर्यादित परवानगी दिली; अमेरिकेनं ऑगस्ट २०२४ मध्ये एमडीएमए या दुसऱ्या द्रव्याला औषध म्हणून मान्यता मागणारा अर्ज पुरावा अपुरा म्हणून फेटाळला. पुराव्यानं चालायचं ठरवलं की कधी ‘हो’ येतं, कधी ‘नाही’. दोन्ही ऐकायची तयारी लागते.

भारतानं तशी तयारी एकदा दाखवलीही आहे. २ डिसेंबर २०२०ला व्हिएन्नात गांजाला सर्वांत कडक परिशिष्टातून काढण्यावर मतदान झालं. ठराव २७ विरुद्ध २५ मतांनी निसटता मंजूर झाला आणि भारतानं बाजूनं मत दिलं. दिल्लीतल्या कायद्यात त्यानंतर त्यासाठी काही हललं नाही.

मार्च २०२५ मध्ये उत्तर प्रदेशानं भांगेच्या दुकानांचेही ठेके ई-लॉटरीनं काढले. दुकान कोणतं, ठेकेदार कोण, शुल्क किती, सगळं संगणकावर आहे. वाराणसीत पांडेपूरला मानसिक चिकित्सालय आहे, विद्यापीठात सर सुंदरलाल रुग्णालय आहे, दोन्हीकडे केसपेपर होतात. भांगेच्या गोळीचे महिन्याला काही नमुने प्रयोगशाळेत तपासायचे, शिवरात्र ते होळीच्या पंधरवड्यात तातडीच्या विभागात आलेल्यांना ‘काय घेतलं, किती घेतलं’ हे विचारून लिहायचं, आणि पांडेपूरच्या रुग्णांपैकी, आयोगानं केलं तसं, एकेकाच्या घरी माणूस पाठवायचा. एका जिल्ह्याचं, दोन वर्षांचं काम आहे. आबकारी खात्याच्या एका ठेक्याच्या शुल्कात नमुन्यांचा खर्च तरी निघावा.